हात धुवायचं सामान: गावात काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

विदर्भातल्या कुठल्याही गावच्या किराणा दुकानात आज हात धुण्याचा पाच-सहा प्रकारचा माल मिळतो. दहा रुपयांची छोटी वडी, शंभर ग्रॅमची मोठी वडी, पंपाची बाटली, तिच्यात भरायचा पाऊच, पाण्यात कालवायची पावडरची पुडी, कागदी साबण, आणि कोरोनापासून काउंटरवर मुक्कामाला आलेलं सॅनिटायझर. या सगळ्याकडे बघताना आम्ही एकच कसोटी लावली. संडासातून आल्यावर, वावरातून आल्यावर आणि ताटावर बसायच्या आधी ही वस्तू घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात थकलेल्या माणसाच्या हाती लागते का?

निकाल आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे बहुतेक घरांत साबण असतो, वाहतं पाणी नसतं. साबण न्हाणीत, पाणी रांजणात आणि संडास वाड्याच्या पार मागे. एका हातात गडवा धरला की दुसरा हात एकटा काय चोळणार? मग बोटं ओली करायची, दुपट्ट्याला पुसायची आणि जेवायला बसायचं. महागातली महाग बाटली आणून ठेवली तरी यात फरक पडत नाही. म्हणून पहिला पैसा तोटीच्या कॅनवर घाला, दुसरा साध्या वडीवर. बाकीचं सामान त्यानंतर.

वडी

वडीच्या वेष्टनावर दोन गोष्टी वाचाव्यात, आणि त्या नेहमी बारीक अक्षरात मागच्या बाजूला असतात. एक म्हणजे ती 'टॉयलेट सोप' आहे की 'बेदिंग बार'. दुसरी म्हणजे टीएफएमचा आकडा, म्हणजे वडीत स्निग्धाम्लं किती टक्के आहेत ते. भारतीय मानकाप्रमाणे टॉयलेट सोपचे तीन दर्जे आहेत: पहिल्याला किमान ७६ टक्के, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ६०. बेदिंग बारला किमान ४० टक्के चालतात. टीएफएम कमी म्हणजे वडीत भरताड जास्त. अशी वडी पाण्यात लवकर भिजते, चिखल होतो आणि अर्धी मोरीतून वाहून जाते. त्यामुळे स्वस्त वडी घेताना दर वडीमागे बघू नका, ती किती दिवस टिकते ते बघा. मळ मात्र दोन्ही वड्या काढतात. नुसत्या हातांसाठी बेदिंग बार घेतला तरी काही बिघडत नाही, फक्त तो कोरडा ठेवता आला पाहिजे.

'जंतुनाशक' हा शब्द वाचून जास्तीचे पैसे देऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलकट मळाला. चोळलं की मळ, त्यात अडकलेले जंतू, जंताची अंडी, सगळं सुटून पाण्याबरोबर खाली जातं. जंतू मरायची गरजच नसते, ते हातावरून निघाले की काम झालं. कराचीच्या वस्त्यांमध्ये झालेला आणि २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला अभ्यास या बाबतीत फार उपयोगाचा आहे. काही घरांना साधा साबण दिला, काहींना ट्रायक्लोकार्बन घातलेला जंतुनाशक, आणि दोघांनाही हात धुण्याची सवय लावली. साबण न दिलेल्या घरांच्या तुलनेत मुलांचं हगवणीचं आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या न्यूमोनियाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. साधा आणि जंतुनाशक यांत मात्र फरक सापडला नाही. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन धरून अशी १९ रसायनं घरगुती साबणांतून काढायला लावली, कारण साध्या साबणापेक्षा ती सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही.

वडी टिकवायची कशी, हे खरं कौशल्य. खोलगट साबणदाणीत पाणी साचतं, म्हणून तळाला भोकं असलेली जाळीची दाणी घ्या. त्याहून सोपं म्हणजे कांद्याच्या किंवा संत्र्याच्या जाळीच्या पिशवीचा वीतभर तुकडा कापायचा, त्यात वडी घालायची, वर गाठ मारायची आणि तोटीच्या बाजूला खिळ्याला टांगायची. जाळीवरूनच हात चोळायचे. फेस जास्त येतो, वडी घसरून खाली पडत नाही, वाऱ्याने सुकते, आणि उंदीर-कावळे ती उचलून नेत नाहीत (कावळा साबण नेतो, हे गावात कुणाला वेगळं सांगायला नको). सगळ्यांनी एकच वडी वापरली तर रोग पसरतो, ही भीती अनाठायी आहे. वडीवर आधीचा मळ दिसला तर ती पाण्याखाली धरा, मग वापरा.

कपड्याच्या साबणाने हात धुतले तर चालतं का? मळ निघतो, पण कातडी फाटते. डिसेंबर-जानेवारीत कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटं आधीच सोलवटलेली असतात, त्यात कपड्याचा साबण झोंबतो, आणि झोंबलं की माणूस हात धुणंच सोडतो. त्या दिवसांत अंघोळीचाच साबण वापरावा आणि रात्री झोपताना खोबरेल लावावं. भेगाळलेल्या कातडीत जंतू जास्त राहतात, त्यामुळे तेल लावणं हाही स्वच्छतेचाच भाग धरा.

खारपाणपट्ट्यात वडी का हरते

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, वडीबद्दलचं वरचं सगळं थोडं बदलतं. बोरिंगच्या खाऱ्या आणि जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांना जाऊन मिळतो आणि पांढरा चिकट साका तयार होतो, तोच बादलीच्या कडेला बसतो. त्यात मीठ असलं तर साबण नीट विरघळतच नाही. फेस येईपर्यंत तिप्पट वडी झिजते आणि धुतल्यावरही हात बुळबुळीत किंवा चरचरीत लागतात. लोक म्हणतात साबण नकली आहे. साबण बहुतेक वेळा बरा असतो, पाणी जड असतं.

तपासायला वेळ लागत नाही. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, वडीचा नखभर कीस टाका, झाकण लावून दहा-बारा वेळा जोरात हलवा. वर फेसाचा थर राहिला आणि खाली पाणी स्वच्छ दिसलं तर पाणी हलकं. फेस लगेच बसला आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं तर जड. अशा गावात हातांसाठी पातळ हँडवॉश घ्यावा. त्यात खरा साबण कमी आणि कृत्रिम फेसक जास्त असतात, ते क्षारांशी भांडत नाहीत आणि जड पाण्यातही फेस देतात. किंवा पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी ड्रममध्ये धरा आणि हात-तोंडासाठी तेच ठेवा. नळयोजनेचं गोड पाणी येत असेल तर त्यातली एक घागर हातांसाठी बाजूला काढली तरी साबणाचा खर्च बराच वाचतो.

पंपाची बाटली, पाऊच आणि पावडरची पुडी

पंपाच्या बाटलीचा फायदा एवढाच की लहान मुलाला ती आवडते. एका दाबात साधारण एक ते दोन मिली येतं, म्हणजे दोनशे मिलीच्या बाटलीत फार तर शंभर-दोनशे वेळा हात धुतले जातात. मुलं तीन-चार दाब मारतात आणि बाटली आठवड्यात संपते. त्यावर उपाय म्हणून पंपाच्या दांड्याच्या मानेला रबर बँडचे चार-पाच वेढे घाला. पंप पूर्ण खाली जात नाही, अर्धाच दाब येतो आणि तेवढा पुरतो.

खरी चूक पुढे होते. बाटली संपत आली की तिच्यात पाणी ओतायचं, किंवा तळाशी उरलेल्यावर नवा पाऊच ओतायचा. पाणी घातलं की त्यातलं टिकाऊ द्रव्य पातळ होतं आणि त्या साबणपाण्यातच जंतू वाढायला लागतात. वरच्यावर भरत गेलेल्या बाटल्यांतही तेच होतं. बाटली पूर्ण संपू द्यायची, पंपासकट कडक पाण्याने धुवायची, उन्हात पालथी घालून खडखडीत वाळवायची, मग पाऊच ओतायचा. घट्ट साबण बाहेर येत नाही म्हणून पाणी घालायची सवय असेल, तर एका वेळी दोन-तीन दिवसांपुरताच पातळ करा.

पावडरची पुडी ही या सगळ्यात आम्हाला सर्वांत कामाची वाटलेली वस्तू. नऊ-दहा ग्रॅमची पुडी असते, ती दोनशे मिली पाण्यात टाकून हलवली की काही मिनिटांत हँडवॉश तयार होतो. गावच्या दुकानात ओझं नाही, गळती नाही. पण पुडी कालवताना पाणी पिण्याचंच घ्यावं, शक्यतो उकळून गार केलेलं. हौदातलं पाणी घातलं तर बाटलीत पहिल्या दिवसापासून जंतू असतात. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला. जास्त घातलं तर फेस येतो पण मळ सुटत नाही, आणि तो हँडवॉश लवकर खराब होतो. वास बदलला किंवा तार धरली तर फेकून द्या.

तोटीची कॅन

वीस लिटरची, खाली तोटी असलेली प्लास्टिकची कॅन. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं हिच्यावर अडतं.

तोटी कोणत्या प्रकारची आहे ते सगळ्यात आधी बघा. दाबून धरायची तोटी हातांसाठी निरुपयोगी आहे. एक हात तोटीवर अडकला की आपण पुन्हा गडव्यापाशी येतो. गोल मुठीची फिरवायची तोटी चालते, पण घाण हाताने ती उघडतो आणि धुतलेल्या हाताने तीच धरून बंद करतो. सगळ्यात चांगली दांडीची तोटी, पाव फेरा फिरवली की उघडते आणि मनगटाने किंवा कोपराने बंद होते. कॅन चांगली आणि तोटी दाबाची असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून दांडीची तोटी वेगळी घेऊन बदलून टाका. आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक असे दोन रबरी वायसर बसवायचे, चकती हातानेच घट्ट करायची. पान्याने आवळली की प्लास्टिकला चीर जाते, आणि ती चीर कशानेही बुजत नाही.

कॅन ठेवायची कुठे? संडास आणि घर यांच्या वाटेवर एक, चुलीजवळ किंवा जेवायला बसतो तिथे दुसरी. दोन घेणं जमत नसेल तर संडासाच्या वाटेवरची आधी. ओटा असा करा की तोटी मोठ्यांच्या मांडीच्या उंचीला येईल. घरात लहान मूल असेल तर पुढे एक पक्की वीट ठेवा, नाहीतर त्याचे हात धारेपर्यंत पोचतात पण पाणी कोपरावरून बाहीत जातं आणि ते पुन्हा तिकडे फिरकत नाही. धार करंगळीपेक्षा बारीक ठेवली तर एका माणसाचे हात पाव लिटरात निघतात. तोटी सताड उघडली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी जातं. मे महिन्यात टँकरवर जगणाऱ्या गावाला हा हिशेब घरी शिकवावा लागतो. साबण चोळत असताना तोटी बंद ठेवायची.

खाली पाणी साचलं की चिखल होतो, डास होतात, आणि बाई म्हणते कॅन काढून टाका. म्हणून आधीच दोन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच-तीन फूट खोल खड्डा करा. तळाला मोठे दगड, मधे विटांचे तुकडे, वर गिट्टी आणि सगळ्यात वर जाडी रेती. आपली काळी कापसाची माती पाणी लवकर पीत नाही, तिथे तेवढ्याने भागत नाही. अशा ठिकाणी पाणी वाफ्याकडे काढून द्यावं, केळ किंवा अळू लावावं. साबणाचं थोडं पाणी या झाडांना बाधत नाही.

कॅन आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. पांढरी कॅन उन्हात ठेवली की आत हिरवं शेवाळ धरतं, म्हणून गडद रंगाची घ्या किंवा गोणपाट गुंडाळा. झाकण कायम बंद. मग्गा बुडवून पाणी काढायचा प्रश्नच येत नाही, ही तोटीच्या कॅनची मोठी बाजू आहे.

पायाने ओढायचा डबा

ज्यांना तोटीच्या कॅनसाठीही आज पैसे काढायचे नाहीत, किंवा वावरात सोय हवी आहे, त्यांच्यासाठी. १९८०च्या दशकात झिम्बाब्वेत निघालेली ही युक्ती जगभर 'टिपी टॅप' म्हणून पसरली. गोडेतेलाची पाच लिटरची रिकामी कॅन घ्या. फवारणीच्या औषधाची कॅन कितीही धुतली तरी घेऊ नका, ती याच काय, कुठल्याच कामाला वापरायची नाही. तेलाची कॅन कडक पाणी आणि सोड्याने दोनदा खळखळून धुवा. झाकणाच्या खाली बारा सेंटीमीटरवर, मुठीच्या विरुद्ध बाजूला, तापवलेल्या खिळ्याने तीन मिलिमीटरचं भोक पाडा. झाकणाला वर टाचणीएवढं दुसरं भोक, हवेसाठी. हे दुसरं भोक लोक विसरतात. हवा आत शिरली नाही की धार अडखळते आणि बंद पडते, आणि मग डबा बिघडला असं वाटतं.

दोन दुबेळक्याच्या, म्हणजे वर फाटा असलेल्या, मेढी दीड फूट खोल, दोन-अडीच फूट अंतरावर गाडा. आडव्या काठीवर कॅन मुठीतून ओवून टांगा. झाकणाच्या मानेला दोरी बांधून तिचं खालचं टोक जमिनीवरच्या काठीला बांधा, ती काठी म्हणजे पायपट्टी. पाय दाबला की डबा पुढे कलतो आणि धार सुरू होते. पाय उचलला की बंद. हात कशालाच लागत नाही. त्या तीन मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला पाचेक मिली पाणी येतं, म्हणजे दहा-पंधरा सेकंदांच्या धारेत शंभर मिलीच्या आत काम होतं. पाच लिटरमध्ये पन्नासेक माणसांचे हात निघतात.

बिघडतं काय? सुतळी उन्हाने आणि पाण्याने महिनाभरात तुटते, नायलॉनची दोरी वापरा. सरपणातली कच्ची काठी वाळवी खाते, मेढीच्या गाडलेल्या टोकाला डांबर किंवा जळकं ऑइल लावा. भोक मोठं पडलं तर डबा दहा माणसांत रिकामा होतो. ते बुजवू नका, कॅन उलटी फिरवून दुसऱ्या बाजूला नवं भोक पाडणंही नको, कॅनच बदला. आणि पाणी कोण भरणार हे ठरलं नसेल तर डबा आठवड्याभरात कोरडा पडतो. घरातल्या एकाचं नाव त्या कामावर असलंच पाहिजे.

साबण नसेल तर चुलीची राख? पांढरी, चाळलेली, लाकडाचीच राख असेल तर वेळ मारून नेता येते. ती क्षारधर्मी असते आणि घासायला खरखरीत असते. पण साबणाइतका तिच्यावर भरवसा ठेवू नये. माती तर मुळीच नको. अंगणातल्या मातीत जंताची अंडी आणि धनुर्वाताचे जंतू असतात.

फवारणीचा दिवस

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. श्वासातून आणि कातडीतून विष अंगात जातं, आणि हातावरचं विष भाकरी, बिडी आणि खर्ऱ्याबरोबर (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबरोबर) थेट तोंडात जातं. पुडीतून चिमूट काढून ओठात ठेवणारी बोटं तीच, जी तासाभरापूर्वी पंपाच्या नोझलमधला कचरा काढत होती. खर्ऱ्याचं स्वतःचं नुकसान वेगळं आहेच. फवारणीच्या दिवशी तो खिशातसुद्धा ठेवू नये.

या दिवसासाठी साबण निवडताना स्वस्त-महाग बघू नका, फक्त भरपूर न्या. बरीच औषधं तेलकट द्रावणात असतात, नुसत्या पाण्याने ती हलत नाहीत. कपड्याचा साबणही इथे चालतो. क्रम असा ठेवा. हातमोजे हातात असतानाच ते बाहेरून साबणाने धुवा. मग मोजे काढा. मग हात कोपरापर्यंत साबणाने धुवा आणि लगेच पुन्हा एकदा धुवा. नखांच्या कडांत साचलेलं औषध ओल्या साबणावर नखं ओढून काढा. दगडाने किंवा घासणीने खरवडू नका, सोललेल्या कातडीतून विष जास्त आत जातं. रॉकेल-पेट्रोलने पुसणं हा त्याहून मोठा धोका, तेही विष आत न्यायला मदत करतं. पाणी गारच घ्या. हे धुतलेलं पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ जाऊ देऊ नका. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, स्नायू फडफडणं सुरू झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाच्या बाटलीचं लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

आणि फवारणीनंतर सॅनिटायझर लावू नका. त्याने औषध निघत नाही, हातभर पसरतं.

सॅनिटायझर

वस्तू वाईट नाही, जागा चुकते. हात दिसायला स्वच्छ आहेत आणि पाणी नाही, अशा वेळी ते उपयोगी आहे. एसटीत, आठवडी बाजारात, दवाखान्याच्या रांगेत. शेणाचे, मातीचे, तेलाचे हात असतील तर ते मळापर्यंतच पोचतं. जुलाबाच्या काही विषाणूंवर आणि जंताच्या अंड्यांवरही त्याचा भरवसा नाही, म्हणून संडासानंतर साबणच.

लेबलवर अल्कोहोल किमान ६० टक्के असावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के आहे. शंभर टक्क्यांच्या जवळ गेलं तर ते कमी प्रभावी होतं, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं. दोन्ही तळवे ओले होतील एवढं घेऊन २० ते ३० सेकंद, सुकेपर्यंत चोळायचं. सुकायच्या आधी पुसलं तर वाया. परवाना क्रमांक आणि मुदत नसलेली, रिकाम्या बाटलीत सुटं भरून दिलेली बाटली घेऊ नका, त्यात मिथेनॉल असण्याचा धोका असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात झाकण सैल राहिलं की अल्कोहोल उडून जातं आणि नुसता चिकट जेल उरतो. चूल, बिडी, उदबत्ती यांच्याजवळ हात चोळू नका. या अल्कोहोलची ज्योत दिवसा डोळ्याला दिसत नाही.

कागदी साबणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रवासाला ठीक. ओल्या बोटाने एक पट्टी काढली की बाकीच्या चिकटून गोळा होतात, म्हणून सुक्या हाताने काढा. हाताला निदान दोन पट्ट्या लागतात.

बाळंतिणीचं घर

इथे आमचा आग्रह सगळ्यात जास्त आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यातून आलेला आशाताईंच्या घरभेटीचा शिरस्ता आता देशभर आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ताई येते, आणि बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुऊन ते हवेतच सुकवते. घरी आलेल्या मावश्या, काकू, आत्या यांनाही तोच नियम लावा. त्यासाठी दाराशीच तोटीची कॅन आणि नवी वडी ठेवा. आत न्हाणीपर्यंत पाहुण्याला पाठवणं अवघड जातं, दाराशी असलं की "हात धुऊन या बरं" म्हणता येतं. बांगड्या, अंगठ्या वर सरकवून किंवा काढून धुवायचं, खाली मळ राहतो. पुसायला एकच टॉवेल सगळ्यांना नको. ओल्या हातावरून जंतू सुक्या हातापेक्षा कितीतरी सहज पसरतात, म्हणून पदराला किंवा दुपट्ट्याला पुसण्यापेक्षा हात झटकून सुकू द्यावेत.

शाळा

शालेय पोषण आहाराच्या सुट्टीत साठ मुलं आणि एक तोटी. एका मुलाला चाळीस सेकंद धरले तर रांग चाळीस मिनिटांची होते. मुलं थांबणार नाहीत, आणि थांबावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. सहा तोट्या असतील तर तेच काम सात मिनिटांत होतं. त्यामुळे शाळेसाठी साबणापेक्षा तोट्यांची संख्या बघा.

दोनशे लिटरचा ड्रम, खाली टँक निपल (ड्रमच्या भोकात बसवायचा जोड), तिथून दीड इंची पीव्हीसी पाइप आडवा, त्यावर दीड-दीड फुटावर सहा तोट्या आणि टोकाला काढता येणारी एंड कॅप. ती चिकटवून टाकू नका, महिन्यातून एकदा काढून पाइपातला गाळ सोडावा लागतो. ड्रमचा तळ तोट्यांपेक्षा किमान एक फूट वर हवा, नाहीतर शेवटच्या दोन तोट्यांना धार येत नाही. पहिली-दुसरीसाठी तोट्या जमिनीपासून दोन फुटांवर, मोठ्यांसाठी अडीच फुटांवर. पाइप एकच असेल तर दोन फुटांवरच ठेवा, मोठी मुलं वाकतात, लहान मुलं उंच होत नाहीत.

वड्या शाळेत टिकत नाहीत, म्हणून बांगलादेशात वापरतात तसं साबणपाणी करा. दीड लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम कपड्याची पावडर, म्हणजे साधारण दोन भरलेले मोठे चमचे, पाण्यात विरघळवायची. झाकणाला एक भोक पाडून तोट्यांमध्ये टांगायची. बाटली पिण्याच्या पाण्यासारखी दिसते, तेव्हा तिला रंगीत कापड गुंडाळा आणि ती मुलांच्या तोंडापासून लांब राहील अशी बांधा.

तोटी आठवड्यातून एखादी तरी गळणारच. जास्तीची एक तोटी, पाच-सहा वायसर, टेफ्लॉन टेपची गुंडाळी आणि एक पाना स्वयंपाकाच्या खोलीतल्या डब्यात कायम ठेवा, आणि स्वयंपाकाच्या ताईंना तोटी बदलायला एकदा शिकवून ठेवा. टेप आट्यांच्या दिशेने सहा-सात वेढे घालायची, उलटी गुंडाळली तर तोटी फिरवताना ती सुटून येते.